दर हंगामाला तीच सर्दी: गोळी मागण्याआधी घरात काय तपासायचं

आधी नाकाच्या ॲलर्जीची लक्षणं. शिंक एक येत नाही, सुरू झाली की आठ-दहा होऊनच थांबते. नाकातून पाण्यासारखं पातळ, बिनरंगाचं पाणी वाहतं. नाक, टाळू, डोळ्यांचे कोपरे, कधी कानाच्या आतसुद्धा खाज येते. रात्री आडवं झालं की एक नाकपुडी बंद, कूस बदलली की दुसरी. सकाळी घशात काहीतरी चिकटून बसल्यासारखं वाटतं आणि तोंड धुताना अर्धा तास खाकरण्यात जातो. लहान मुलं तळहातानं नाक खालून वर घासत राहतात. महिनोन्‌महिने हे चाललं की नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसर दिसतं. ताप मात्र नसतो.

विषाणूची साधी सर्दी वेगळी. तिच्यात पहिले दोन दिवस अंग मोडून येतं, घसा दुखतो, कणकण असते, मग शेंबूड घट्ट होतो आणि आठवडा-दहा दिवसांत प्रकरण मिटतं. खाज आणि पातळ पाणी दोन्ही आहेत, ताप नाही, आणि हे पंधरा दिवसांच्या पुढं गेलंय, असं असेल तर ॲलर्जीच धरून चाला. हा त्रास आठवड्यातले चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त राहिला की डॉक्टर त्याला कायम टिकणारी ॲलर्जी म्हणतात. उपचारही त्यावरून बदलतात, म्हणून हा हिशेब घरीच करून ठेवा.

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. "मालक, ती शिंकांची पांढरी गोळी द्या की, पाच" हे वाक्य मी दुकान उघडल्यापासून ऐकतोय. गोळीनं दिवस निघतो, पण घरातलं कारण तिथंच बसून असतं आणि माणूस महिन्याभरात परत काउंटरवर. त्यामुळं ओळखीच्या गिऱ्हाइकाला आता मी गोळी देतानाच चार प्रश्न विचारतो. त्याच प्रश्नांचा हा क्रम आहे. फुकटच्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर.

१. वेळ लिहा. खर्च शून्य.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दोन आठवडे फक्त एवढं लिहा: शिंका किती वाजता आल्या, त्या वेळी कुठं होतो, काय करत होतो. सगळ्यांना हे काम बिनकामाचं वाटतं, पण पुढच्या सगळ्या तपासण्यांचा पैसा हेच वाचवतं.

डोळे उघडल्या उघडल्या शिंका आल्या तर संशय अंथरुणावर. केर काढताना आल्या तर घरातली धूळ. कूलर सुरू केल्यावर पंधरा मिनिटांत आल्या तर कूलर. गाडीवरून विजापूर रोडला जाऊन आल्यावर डोळे चोळत बसलात तर बाहेरचे परागकण आणि रस्त्याचा धुरळा. आठ दिवस गावाला गेल्यावर नाक एकदम मोकळं झालं तर दोष घरात आहे. उलट गावातच त्रास वाढला तर शेत, कडबा, मळणी.

हंगामही लिहा. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत तुरीची रास होते, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी आणि मळणी. मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडून येणाऱ्या माणसाच्या कपड्यांतूनसुद्धा तो भुसा घरात येतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आल्यावर नाक गळतं, ते धुळीनं. एप्रिल-मे कूलरचे महिने. पाऊस आपल्याकडं एकूणच कमी, त्यातला मोठा सप्टेंबरमध्ये; त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत गवत आणि गाजर गवत फुलतं. वर्षाच्या बाराही महिने त्रास असेल तर परागकणांना दोष देऊ नका. ते बारा महिने नसतात, तुमची गादी असते.

२. धूर बंद करून बघा. याचेही पैसे पडत नाहीत.

अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, बंद खोलीतली विडी-सिगारेट. यांची बहुतेकांना खरी ॲलर्जी नसते, पण आधीच सुजलेल्या नाकाला धूर लागला की ते भडकतं. सात दिवस सगळं बंद ठेवा. देवासमोर निरांजन लावा, अगरबत्ती राहू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी यावरून वाद होतो, ठाऊक आहे. "आई, सात दिवसच" असं सांगितलं की ऐकतात. डासांसाठी मच्छरदाणी लावा, तीही धुऊन.

फोडणीचा ठसका आणि उन्हाळ्यात काळं तिखट करताना उठणारा खकाणा यांनी सगळ्यांनाच शिंका येतात. तेवढ्यावरून स्वतःला ॲलर्जीचा पेशंट ठरवू नका. तिखट कांडपावरून करून आणा.

३. केर कसा काढता?

कोरड्या झाडूनं जमिनीवरची धूळ हवेत जाते आणि बारीक कण बराच वेळ तरंगत राहतात. म्हणजे केर काढून झाल्यावरच खरा त्रास सुरू होतो. ओल्या फडक्यानं पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. केर काढायचाच असेल तर ज्याला त्रास आहे त्यानं काढू नये. त्यालाच काढावा लागत असेल तर तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या, आणि नंतर अर्धा तास त्या खोलीत बसायचं नाही. नवीन फुलझाडूचा बारीक फुलोरा पहिले काही दिवस झडतो. तो बाहेर नेऊन झटका, पाण्यानं धुवा, वाळवा, मग घरात वापरा.

पंख्याची पाती विसरू नका. थंडीत तीन महिने बंद असलेला पंखा फेब्रुवारीच्या अखेरीस एक दिवस सुरू होतो आणि पात्यांवरची सगळी धूळ खालच्या अंथरुणावर येते. माझ्याकडं दरवर्षी त्या आठवड्यात गर्दी वाढते. जुन्या उशीचा अभ्रा पात्यावर चढवून ओढून घ्या, धूळ अभ्र्यातच राहते.

नवरात्राआधी घर काढतो तेव्हाही हेच. माळ्यावरचं सगळं खाली येतं, जाळी-जळमटं निघतात. ॲलर्जीच्या माणसाला त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी पाठवा. आळशी म्हटलं तर म्हणू द्या.

४. नाक धुणं

मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं की आत चिकटलेले कण निघून जातात आणि सूज थोडी उतरते. पाव लिटर पाण्याला अर्धा चहाचा चमचा साधं मीठ. पाणी उकळून गार केलेलंच हवं, आणि सोलापुरात हे दोनदा सांगावं लागतं. नळाला पाणी रोज येत नाही, ते पिंपात चार-पाच दिवस राहतं. असं पाणी पोटात गेलं तर पोट ते बहुधा सांभाळून घेतं, नाकात जाता कामा नये. साठवलेल्या कच्च्या पाण्यातले जंतू नाकावाटे मेंदूपर्यंत पोचल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. दुर्मीळ आहेत, पण जीवघेण्या आहेत.

बेसिनवर वाकून, तोंड उघडं ठेवून श्वास घ्या. नेतीच्या, म्हणजे चोच असलेल्या भांड्यानं एका नाकपुडीतून पाणी सोडलं की दुसरीतून येतं. नंतर जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडं जातं. कान दुखत असेल त्या दिवशी नको. नेतीचं भांडं रोज धुऊन कोरडं ठेवा.

५. अंथरूण. इथं वेळ काढा.

सगळ्यात जास्त घरांत दोष इथंच सापडतो. गादीत, उशीत, गोधडीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात. आपल्या अंगावरून रोज झडणारी कातडी हे त्यांचं अन्न. ते चावत नाहीत. त्यांची विष्ठा वाळून बारीक होते, रात्री कूस बदलताना उडते, नाकात जाते, आणि त्रास तिचा असतो. त्यांना पाणी प्यावं लागत नाही, ते हवेतली ओल शोषून घेतात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर ते वाळून मरतात.

आता म्हणाल, सोलापूर तर कोरडं ठणठणीत, इथं कुठून आले? पावसाळ्याचे तीन-चार महिने त्यांना पुरतात. उरलेली कसर आपण उन्हाळ्यात कूलर लावून भरून काढतो. शिवाय अंथरुणात आपल्या घामाची आणि श्वासाची ओल रोज रात्री असतेच.

उशीपासून सुरुवात करा, कारण नाक सात-आठ तास तिच्यावर असतं. किती वर्षांची आहे? लग्नातली असेल तर फेकून द्या. अभ्रा आणि पलंगपोस आठवड्याला धुवायचा, जमेल तितक्या गरम पाण्यात. ६० अंशाच्या आसपासचं पाणी, म्हणजे ज्यात हात घालवणार नाही असं, किडे मारतं. गच्चीवर सोलर असेल तर मे महिन्यातल्या दुपारी नळाला तेवढं पाणी फुकट येतं. गार पाण्यानं किडे मरत नाहीत, पण विष्ठा बरीचशी धुऊन जाते, म्हणजे अर्धं काम तरी होतं. पाण्याच्या ओढाताणीत सगळं अंथरूण दर आठवड्याला धुवा असं मी सांगणार नाही. अभ्रे प्रत्येक आठवड्याला, पलंगपोस आणि पांघरूण पाण्याच्या वारी जमेल तसं, हा हिशेब चालतो.

पांघरुणाच्या बाबतीत मी पक्का सोलापुरी आहे. ती रंगीत, गुबगुबीत, मऊ ब्लँकेटं आणतात ना, बॅगेत घालून, लग्नात आहेर म्हणून, ती या आजाराला वाईट. ओली झाली की एका माणसाला उचलत नाहीत, म्हणून कुणी धूत नाही आणि धूळ आत साठत जाते. आपली सुती चादर धुता येते, पिळता येते, उन्हात दोन तासांत खडखडीत वाळते. नवी असताना रंग सोडते, म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा वेगळी धुवा. गोधडी-वाकळ सुती असली तरी थरांच्या आत धूळ धरते; तिला वरून सुती खोळ शिवून घ्या आणि खोळ धूत राहा.

ऊन आपल्याकडं फुकट आहे आणि त्याचा उपयोग करावा. गादी-उशा गच्चीवर सकाळी दहाला टाका, दुपारी पलटा. किडे वाळून मरतात, पण विष्ठा आणि मेलेले किडे आतच राहतात. म्हणून खाली आणण्याआधी काठीनं बडवून, झटकून आणा. बडवणारा माणूस तो शिंकणारा नसावा. गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत नको, आणि साखर कारखान्याचं गाळप चालू असताना काजळी पडत असेल तर वरून जुनी साडी पसरा.

कापसाची गादी पिंजून घेता येते. पिंजाऱ्याला काम घरात करू देऊ नका, अंगणात किंवा त्याच्याच जागेवर. जुना काळा पडलेला कापूस परत भरू नका म्हणावं.

चेन असलेली घट्ट विणीची कव्हरं मिळतात, गादी-उशीला पूर्ण गुंडाळणारी. ती घ्यायची असतील तर बाकीचं सगळं करून झाल्यावर घ्या. नुसतं कव्हर घातलं आणि पांघरूण, केर, ओल तशीच ठेवली तर पैसे गेले समजा. रेक्झिनचं कव्हर स्वस्त पडतं, पण मे महिन्यात त्याच्यावर झोपून दाखवा.

६. कूलर

एका अण्णांना दरवर्षी गुढीपाडवा झाला की खोकला लागायचा. मी म्हटलं, कूलरची मागची जाळी काढा आणि मोबाइलवर फोटो काढून आणा. फोटोत गवत काळपट हिरवं, खालचा भाग कुजून चुरा झालेला, टाकीच्या तळाला बोटभर गाळ आणि गाळावर डासांच्या अळ्या वळवळताना. त्या गवतातून येणारी हवा अण्णा रात्रभर तोंडावर घेत होते.

कूलर पाणी उडवून हवा गार करतो, म्हणजे खोलीत ओल भरतो. खिडकी-दार बंद ठेवून कूलर चालवला तर खोली दमट होते, गारवाही नीट लागत नाही, आणि बुरशी व किडे दोघांची सोय होते. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. खोलीत ६०-७० टक्के दिसत असतील तर कारण सापडलं.

हंगामाच्या सुरुवातीला गवत किंवा वाळा नवीनच घाला, मागच्या वर्षीचं धुऊन नको. टाकी घासून घ्या. हंगामात टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा. डेंगूच्या डासांसाठी महापालिकेचे लोक हेच सांगत येतात, एका कष्टात दोन कामं. पाणी टंचाईत टाकी ओतून द्यायला जीव होत नाही, मग ते पाणी झाडांना किंवा संडासात वापरा. रात्री बंद करताना आधी पंप बंद करा आणि पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवा, गवत वाळतं. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास आला की समजा बुरशी बसली.

एसी असेल तर त्याची जाळी पंधरवड्याला नळाखाली धुवा. झालं.

७. ओल, धान्य आणि बाकी घर

बाथरूमला लागून असलेल्या भिंतीजवळ कपाट आहे का? ते एक वीत पुढं ओढा आणि मागं टॉर्च मारून बघा. काळे ठिपके म्हणजे बुरशी. कोरडं खरवडू नका, ओलं करून पुसा, आणि गळती बंद केल्याशिवाय रंग देऊ नका. रंगाखाली ती परत येते.

वर्षाची ज्वारी घरात भरता का? पोत्याच्या तळाचा भुकटा आणि सोंडे-किडे यांचीही ॲलर्जी असते. निवडणं-पाखडणं बाहेर ओट्यावर करा, झोपायच्या खोलीत पोती नकोत. झुरळांची विष्ठाही तसाच त्रास देते. जेल लावा, स्प्रे मारत बसू नका, त्यानं खोकला वाढतो. फ्लॅटच्या गॅलरीत कबुतरं असतील तर जाळी मारा आणि वाळलेली विष्ठा ओली करूनच काढा.

आता घरातल्या कामाबद्दल. आमच्या भागात घरोघरी विड्या वळतात. एक अक्का सांगत होत्या, तंबाखूची पिशवी सोडली की डोळ्यांतून पाणी, आणि कारखाना बंद असला की आठवडाभर एक शिंक नाही. निदान त्यांनीच केलं होतं. काम सोडा म्हणणं सोपं, पोट कोण भरणार? जागा झोपायच्या खोलीतून ओट्यावर हलवली, सूप मांडीवर घेऊन बसताना नाका-तोंडाला सुती फडकं दोन पदरी बांधलं, काम संपलं की हातपाय-तोंड धुऊन साडी बदलली. त्रास पूर्ण गेला नाही, निम्म्यावर आला. पोरांची झोप मात्र सुधारली, कारण ती त्याच खोलीत झोपत होती.

यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवा. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, आणि पुढच्या दिवसांत थोडं कमी होतं, असं असेल तर ती नाकाची ॲलर्जी नाही. सुताच्या धुळीनं फुप्फुसाला होणारा आजार असू शकतो. यात गोळ्या खात वेळ घालवू नका, सरळ छातीच्या डॉक्टरकडं जा आणि काय काम करता ते आधी सांगा.

८. बाहेरचं

यात आपल्या हातात थोडंच असतं. रंगीत, वासाची फुलं निरपराध असतात; त्यांचे परागकण जड, मधमाशा नेतात. त्रास देतात ती वाऱ्यावर पराग सोडणारी बिनदिखाऊ झाडं: गवतं, एरंड, वेडी बाभूळ, वावळ, आणि मोकळ्या प्लॉटवर माजणारं गाजर गवत. हे गाजर गवत भारतात १९५५ साली पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज जुळे सोलापुरातला रिकामा प्लॉट त्याच्याशिवाय दिसत नाही. त्याच्या परागानं नाक वाहतंच, पण पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू इथं खाजरं, जाडसर पुरळही येतं. फुलायच्या आधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. उघड्या हातानं नको.

गाडीवर काचेचं हेल्मेट आणि मास्क. घरी आल्यावर तोंड धुणं, कपडे बदलणं, आणि त्रासाच्या महिन्यांत झोपायच्या आधी डोक्यावरून अंघोळ, कारण केसांतले पराग उशीवर जातात. त्या महिन्यांत अभ्रे-चादरी वाऱ्याच्या वेळी गच्चीवर वाळत ठेवू नका.

९. औषधं, आणि ती कशी वाया जातात

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन या गोळ्या शिंका, खाज, पाणी यांवर चांगल्या. बंद नाकावर फारशा नाहीत. काहींना त्यांनी झोप येते. यंत्रावर किंवा गाडीवर काम असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, फेक्सोफेनाडिनसारख्या कमी झोप आणणाऱ्या गोळ्या आहेत. "सर्दीची गोळी" म्हणून ज्या मिश्र गोळ्या मिळतात, त्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं आणि ते बीपी वाढवतं. बीपीवाल्यांनी आणि लघवी अडकण्याचा त्रास असलेल्या वयस्कर पुरुषांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

नाकात टाकायचे झटपट थेंब, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे, तीन ते पाच दिवस. त्यापुढं गेलात तर थेंब उतरला की नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं, मग परत थेंब. वर्षानुवर्षे खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसं माझ्याकडं येतात. त्यांची ॲलर्जी कधीच मागं पडलेली असते, आता थेंबांचाच आजार असतो. तो सोडवायलाही डॉक्टर लागतो.

कायमच्या त्रासावर खरं काम करतो तो स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे. चिठ्ठीवर मिळतो. "दोन दिवस मारला, काही झालं नाही" म्हणून लोक परत आणतात. त्याला पूर्ण गुण दाखवायला एक-दोन आठवडे रोज लागतात. डोकं किंचित पुढं झुकवा, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्यानं उजव्या, स्प्रेचं तोंड कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. नंतर जोरात ओढू नका, घशात गेलेलं औषध फुकट.

मॉन्टेल्युकास्ट असलेली गोळी सध्या फार चालते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला: काहींमध्ये वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, टोकाचे विचार. मूल गोळी सुरू केल्यापासून वेगळं वागायला लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. आणि ते एक इंजेक्शन, "एक घेतलं की सहा महिने बघायला नको" म्हणून सांगतात ते, बहुतेक वेळा स्टेरॉइडचं असतं. साखर, बीपी, हाडं यांचं बिल नंतर येतं. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून कुणाकडं जाऊन टोचून घेऊ नका. स्टेरॉइडच्या छोट्या गोळ्या माझ्याकडं चिठ्ठीशिवाय मागू नका, रुसलात तरी देणार नाही.

१०. इथं थांबा आणि डॉक्टर गाठा

श्वास घेताना शिटी वाजते, रात्री खोकल्यानं जाग येते, जिना चढताना दम लागतो: दमा असू शकतो, नाकाच्या ॲलर्जीबरोबर तो बऱ्याचदा असतो. फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी लागते. ओठ-जीभ-चेहरा सुजतोय, अंगभर गांधी उठून श्वास अडकतोय, बोलता येत नाहीये: घरी काही करू नका, १०८ लावा.

एकाच नाकपुडीतून सतत पाणी, रक्त किंवा घाण वास येत असेल तर ती ॲलर्जी नाही. लहान मूल असेल तर आधी शंका घ्या की आत शेंगदाणा, मणी किंवा ज्वारीचा दाणा आहे. चिमट्यानं काढायला जाऊ नका, आणखी आत जातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं न्या. ताप, गालाचं-कपाळाचं दुखणं आणि पिवळा-हिरवा शेंबूड दहा दिवसांच्या पुढं गेला तरी तिकडंच. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, आणि काचबिंदू असलेला माणूस यांनी वरचं कुठलंच औषध आपल्या मनानं सुरू करू नये.

आणि हे काहीच नाही, पण पहिल्यापासून आठव्यापर्यंत सगळं दोन महिने इमानानं केलं, स्प्रे नीट मारला, तरी नाक तसंच आहे, तर त्वचेवर थेंब टाकून टोचायची ॲलर्जीची चाचणी करून घ्यायची वेळ आली. कशाची ॲलर्जी आहे ते कळलं तर त्याच गोष्टीची बारीक मात्रा वाढवत नेण्याचे डोस मिळतात, इंजेक्शनचे किंवा जिभेखाली ठेवायचे. ते तीन वर्षांच्या आसपास चालतात, मध्येच सोडले तर पैसे बुडतात, म्हणून सुरू करण्याआधी खर्चाचं नीट विचारा. पॅथॉलॉजीची "दोनशे वस्तूंची ॲलर्जी" असली भली मोठी रक्ताची पॅकेजं आपण होऊन करू नका. त्यांत दहा गोष्टी लाल दिसतात आणि घरातलं वांगं, डाळ, दूध बंद होतं, नाक वाहतच राहतं.

जाताना ती दिनदर्शिका, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि कूलरचा फोटो बरोबर न्या. चाचणीच्या साधारण आठवडाभर आधी शिंकांच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर त्वचा खोटं उत्तर देते. किती दिवस ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. दमा किंवा इतर आजाराचं औषध मात्र त्या यादीत धरून आपल्या मनानं बंद करू नका.